नवस साहेबाचा, पाय माझे

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण मी ओलसेन साहेबाला शिकवली नसती, तर आज माझे गुडघे शाबूत असते.

ओलसेन हा नॉर्वे नावाच्या मुलखातला. विहिरींना खोल भोकं पाडायची यंत्रं बसवायला तो नगर जिल्ह्यात आला होता आणि शेतकऱ्यांशी बोलता यावं म्हणून माझ्याकडे मराठी शिकत होता. तो इंग्रज नव्हे, हे मी आमच्या आळीत इतक्यांदा सांगितलं की शेवटी मलाच त्याचा कंटाळा आला. "गोरा आहे ना? मग झालं," असं शेजारचे माधवराव म्हणत. सेहेचाळीस साल चालू होतं, गोऱ्यांचे दिवस भरत आले होते, आणि अशा वेळी त्यांच्यातल्या पोटभेदांत शिरायची कोणाला हौस नव्हती.

तर ती म्हण. मी अर्थ सांगितला, वाक्यात उपयोग करून दाखवला आणि तपकिरीची डबी काढली. साहेब विचारात पडला.

"पंत, आपण डोंगर जवळ जाऊन पाहिला आहे काय?"

"नाही."

"मग तो जवळून साजरा नाही, हे आपणांस कोणी सांगितले?"

इतक्या वर्षांच्या मास्तरकीत हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने मला विचारला नव्हता. विचारला असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता. पण हा सहा फुटी विद्यार्थी बाकावर उभा राहिला तर आढ्याला लागला असता, म्हणून मी चिमूटभर तपकीर ओढली. मग त्याने सांगितलं की त्याच्या देशात रविवारी सगळी माणसं डोंगर चढतात, वर बसून पाव खातात आणि खाली येतात. "आणि मग?" मी विचारलं. "मग घरी जातात," तो म्हणाला. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. परमुलखात माणसाला कशाची आठवण येईल, काही सांगता येत नाही.

या जिल्ह्यातला सगळ्यात उंच डोंगर कोणता, हे त्याने नकाशात आधीच बघून ठेवलं होतं. अकोल्याच्या पलीकडे, भंडारदऱ्याच्या बाजूला, कळसूबाई. येत्या शनिवार-रविवारी आपण दोघांनी तिकडे जायचं, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं.

मी नाही म्हणणार होतो. पण कळसूबाईची वाट राजूरवरून जाते, आणि राजूरला काकासाहेब राहत होते. इथे माझ्या सुनीतीचं सांगणं भाग आहे. सुनीती माझी थोरली मुलगी. आषाढात काकासाहेब आपल्या मुलाला, रविकांतला, घेऊन तिला बघायला आले होते. मुलगा शिक्षक, निर्व्यसनी, मान खाली घालून बसणारा. सुनीतीलाही तो आवडला होता. ती तसं म्हणाली नाही, पण नंतर आठवडाभर तिने कशातच मीठ घातलं नाही. काकासाहेबांनी पोहे दोनदा घेतले, हात धुतले, गाडीत बसले आणि गेले. त्यानंतर दिवाळी होऊन गेली तरी त्यांच्याकडून हूं की चूं नाही. पोहे दोनदा आणि निरोप एकदाही नाही, हे माझ्या फार मनाला लागलं होतं.

"एकदा जाऊन विचारून या," आमची ही रोज म्हणे. माधवराव म्हणत, "अजिबात नको. मान ठेवा, पंत. आपण होऊन विचारलंत की हुंडा वाढलाच म्हणून समजा." माधवरावांना मुलगी नव्हती, त्यामुळे त्यांचा या विषयातला सल्ला ठाम असे. मी तोच मानला, कारण त्यात कुठे जावं लागत नव्हतं. सुनीती काही बोलत नसे, पण दारात पोस्टमन दिसला की तिचं हातातलं काम थांबे. ते मला बघवत नव्हतं.

डोंगराचं कानावर येताच माधवराव स्वतः उठून आले. "ही संधी सोडू नका. साहेब बरोबर घ्या. वाटेवरून चाललो होतो, सहज डोकावलो, असं म्हणा. मानही राहतो आणि कामही होतं." मला ते पटलं. साहेब डोंगर चढेल, मी काकासाहेबांच्या ओसरीवर बसून विषय काढीन, असा साधा बेत होता.

मुक्काम मात्र सरकारी बंगल्यात करायचा होता. न कळवता कोणाच्या घरी उतरणं मला कमीपणाचं वाटत होतं. परवानगीसाठी मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने विचारलं, "प्रयोजन?"

"डोंगर चढणे."

"ते प्रयोजन नव्हे. तपासणी की शिकार?"

"दोन्ही नाही. साहेब नुसता चढणार."

"चढून करणार काय?"

"उतरणार."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, अर्ज दगडाखाली ठेवला आणि पान लावायला घेतलं. अर्ज बहुधा अजून त्या दगडाखाली आहे. झालं, मुक्काम काकासाहेबांच्याच घरी करणं आलं. हिने डबाभर चकल्या, शंकरपाळे आणि दशम्या बांधून दिल्या आणि दारात मला बजावलं, "तिथे गेल्यावर तोंड उघडा. खायला नव्हे, विचारायला. या खेपेला न विचारता आलात तर सुनीतीला काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

मी विचारीन, असा शब्द दिला.

राजूरपर्यंतची सर्व्हिस मोटार युद्धातल्या टंचाईपासून कोळशाच्या गॅसवर चालत होती, म्हणजे उतारावर चालत होती. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. ओलसेनला हे इतकं आवडलं की तो एकटाच ढकलू लागला; मग बाकीचे उतरेनासे झाले. राजूरला पोचेतो तो घामाने निथळत होता आणि अतिशय खूश होता.

काकासाहेबांनी आमचं स्वागत चांगलं केलं. ते पेन्शनीत निघालेले अव्वल कारकून. त्यांच्या बोलण्यातून काही काढून घेणं म्हणजे कचेरीतून नक्कल काढण्यासारखं होतं. घरात त्यांची आई आक्काबाई होती आणि रजेवर आलेला रविकांतही होता. साहेबाला घरात कुठे घ्यायचं, यावर आत थोडी कुजबूज झाली आणि सगळ्यांचीच पानं ओसरीवर मांडायचं ठरलं. "बाहेर हवा चांगली आहे," काकासाहेब म्हणाले. हवा गारठ्याची होती, पण तोडगा सभ्य होता.

आता एक गोष्ट मी आधी सांगायला हवी होती. छापील पुस्तकातली वाक्यं काही कामाची नसतात. वाघ मांजरापेक्षा मोठा आहे, हे माणूस आयुष्यात कोणाला सांगायला जातो? म्हणून साहेबाला मी माझी वाक्यं घालत असे, आणि त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच विषय होता. 'मुलीचा बाप रात्री झोपत नाही.' 'वरपक्षाकडून अद्याप उत्तर नाही.' 'मुलगी सुशील आहे. तिला पेटी वाजविता येते.' साहेब ही वाक्यं घोकून पाठ करी, आणि सभ्य मराठी माणसं भेटली की एकमेकांशी हेच बोलतात असा त्याचा समज झाला होता. तो अगदीच चूक होता असं नाही.

"आमटी कशी झालीय?" आक्काबाईंनी कौतुकाने विचारलं.

"आमटी उत्तम आहे," साहेब म्हणाला. मग एवढ्यावर थांबणं त्याला कोरडं वाटलं असावं. "मुलीचा बाप रात्री झोपत नाही."

काकासाहेबांचा घास हातातच राहिला.

"म्हण आहे त्यांच्याकडची," मी म्हणालो, "नॉर्वेतली." रविकांतने मान आणखी खाली घातली. त्याचे खांदे हलत होते, ते थंडीने असतील असं मी धरून चाललो.

पान उचलल्यावर विषय काढायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण तेवढ्यात कानिफनाथ आला. हा कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावचा, देवीचा पुजारी. बाजाराला आला की काकासाहेबांच्या ओसरीवर टेकायचा त्याचा रिवाज होता. साहेब उद्या डोंगर चढणार, हे ऐकून त्याने तंबाखू मळायची थांबवली.

"कशापाई?"

"आनंदासाठी," साहेब म्हणाला.

"न्हाई," कानिफनाथ म्हणाला. "मागं असंच साहेब आलं हुतं दुर्बिनी घिऊन. आमी पुसलं, काय करताय? म्हनलं, नुसतं बघतोय. मग धरान झालं, आन् माज्या मामाचं शेत पान्याखाली गेलं. नुसतं बघनारा साहेब लई वंगाळ. ह्यो न्हाई चढनार."

मी नॉर्वेचं सांगून पाहिलं. धरण नाही, विहिरी आहेत, असंही सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "म्हंजे आता वरचं पानी झालं, खालचं नेनार." काकासाहेबही माझ्याकडे संशयाने बघायला लागले. मी सरकारी माणूस जमिनी मोजायला आणला, असा गावात बोभाटा झाला असता तर सुनीतीचा विषय तिथेच मिटला असता. साहेबाचा चेहरा तर शाळेला सुट्टी मिळता मिळता राहिलेल्या मुलासारखा झाला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, नवस आहे त्याचा."

एवढ्याने सगळं सोपं झालं. माणूस उगाच डोंगर चढतो हे त्या भागात कोणाला कळत नाही, पण नवसाला चढतो हे लहान पोरालाही कळतं. "असं व्हय," कानिफनाथ म्हणाला, "मंग आदी न्हाई का सांगायचं." आक्काबाईंनी तर साहेबाकडे डोळ्यांत पाणी आणून पाहिलं आणि देवीच्या ओटीसाठी खण, नारळ, बांगड्या काढायला आत गेल्या. नवस कशाचा, हे कोणी विचारलं नाही, कारण ते देवीपुढेच बोलायचं असतं.

एवढ्यावर निभावलं असतं तर मी देवीला तिथूनच हात जोडले असते. पण नवस म्हटला की त्याचे नियम आले. अनवाणी चढायचं. वर दर्शन होईपर्यंत पोटात अन्न घालायचं नाही. "आन् बरुबर त्याचा मानूस लागतो," कानिफनाथ माझ्याकडे बघत म्हणाला. "परमुलखातला हाय. हितं त्याचं तुमीच." मी म्हणालो, माझं इथे काकासाहेबांशी थोडं बोलणं आहे. काकासाहेब म्हणाले, "बोलू की वाटेने. नवसाचा पाहुणा माझ्या घरातून निघतोय, मीही येतो." रविकांत म्हणाला, "मीपण." तो आमच्याकडे आल्यापासूनचा त्याचा हा पहिलाच शब्द मी ऐकला.

भल्या पहाटे बैलगाडीने आम्ही बारीला पोचलो आणि तिथे मी माझे नवे पंप शू काढून चांगुणा नावाच्या एका बाईच्या घरात ठेवले. ओलसेनने आपले खिळ्यांचे बूट काढून गळ्यात अडकवले. हे काय चाललंय असं त्याने मला विचारलं, मी इंग्रजीत थोडक्यात सांगितलं. तो गंभीर झाला. "म्हणजे माझ्यासाठी पंत खोटे बोलले," तो म्हणाला. "हे मी विसरणार नाही." त्याने विसरावं म्हणून मी पुढे खूप वाट पाहिली.

डोंगराचं वर्णन मी करणार नाही. मला तो दिसला नाही. मला पायाखालची वीतभर जागा दिसत होती आणि तिच्यात काटा आहे की नाही, एवढंच मी बघत होतो. हातात हिने दिलेला डबा होता, त्यातून चकल्यांचा खमंग वास येत होता आणि खायची सोय नव्हती. वाटेत कानिफनाथ देवीची गोष्ट सांगत होता. कळसू कोणाच्या तरी घरी राहत होती. मी भांडी घासणार नाही एवढीच तिची अट होती. एकदा तिला भांडी घासायला लावली, तशी ती तडक निघून या डोंगरावर येऊन बसली. ही गोष्ट आमच्या हिला सांगायची नाही, असं मी त्याही अवस्थेत ठरवलं.

काकासाहेब माझ्या पुढे होते. बोलायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती, दिलेला शब्द आठवत होता, आणि माझ्या छातीत भाता चालला होता. मी "काका..." म्हणावं आणि "साहेब" म्हणेतो श्वास संपावा. ते वळून म्हणत, "बोला." मी हात हलवत असे. ज्या जिभेवर मी आजवर पोट भरलं, तिने ऐन वेळी दगा दिला. आणि साहेब? तो बकरीसारखा पुढे जाऊन परत खाली आमच्यापर्यंत येत होता, आणि येताना प्रत्येक वेळी काहीतरी बोलत होता. "पंत, हवा स्वच्छ आहे." "पंत, धरणाचे पाणी दिसते." मग एकदा, काकासाहेबांकडे बोट दाखवून, मोठ्याने: "पंत, अद्याप उत्तर न देणारे गृहस्थ हेच काय?"

मला 'नाही' म्हणायलाही दम नव्हता. काकासाहेब थांबले, त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि पुन्हा चालू लागले. संपलं, मी मनात म्हणालो. पोरीच्या नशिबाचं आपण या डोंगरावर मातेरं केलं. मला इतकं वाईट वाटलं की तळव्यात गेलेला काटा मला पुढच्या वळणावर कळला.

वरच्या अंगाला उभा कातळ आहे, तिथे साखळदंड धरून चढावं लागतं. मी साखळी धरली, एक पाय वर ठेवला आणि तिथेच राहिलो. वरून साहेब माझा हात ओढत होता. खालून कोणीतरी माझ्या पार्श्वभागाला दोन्ही हात लावून, "माफ करा हं, माफ करा हं," म्हणत मला वर ढकलत होतं. तो रविकांत होता. जावयाला पाटावर बसवून सासऱ्याने त्याचे पाय धुवायचे, ही आपली रीत. सासरा अजून ठरलेलाही नव्हता आणि जावयाच्या डोक्यावर त्याचा पाय पडला. "डबा माझ्याकडे द्या," तो खालून म्हणाला, आणि मग अगदी हळू, "त्या बऱ्या आहेत ना? सुनीती?"

मी मान हलवली. त्याला ती दिसली की नाही कोणास ठाऊक, पण त्याने मला पुढचा रेटा असा दिला की मी एका दमात कातळावर गेलो.

माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ आहे. वारा असा की उभं राहवेना. कानिफनाथने ओटी वाहिली, शेंदूर लावला आणि साहेबाला पुढे बोलावलं. "आता नवस बोला. मोट्यानं बोला, वाऱ्यात ऐकू जायला हवं."

साहेबाचा नवस काय, हे मी अजून ठरवलंच नव्हतं. मी काहीतरी रचणार होतो, पण मी दगडाला टेकून नुसता आ वासून बसलो होतो. साहेबाने एकदा माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि ताठ उभा राहून स्वच्छ आवाजात म्हणाला:

"देवी, मला काही नको. मला डोंगर मिळाला. हा नवस पंतांचा आहे. मुलीचा बाप रात्री झोपत नाही. मुलगी सुशील आहे. तिला पेटी वाजविता येते. वरपक्षाकडून अद्याप उत्तर नाही. पोहे दोनदा घेतले. पंत मानी आहेत, म्हणून विचारीत नाहीत. तरी राजूरच्या गृहस्थांनी हो म्हणावे."

एक शब्द चुकला नाही. आमच्या आषाढापासूनच्या धड्यांचं असं सलग वाचन मी प्रथमच ऐकत होतो. मला तिथल्या तिथे दरीत उतरावंसं वाटलं, पण उठायची ताकद नव्हती.

काकासाहेब पुढे आले. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला. "विष्णुपंत," ते म्हणाले, "आषाढापासून आम्ही तुमची वाट बघतोय. विचारायचं मुलीच्या बापाने असतं. तुम्ही एकदा फिरकला नाहीत. आम्ही समजलो, तुमचं दुसरीकडे जमलं."

"पण... तुम्ही... निरोप..." माझ्या तोंडून एवढं निघालं.

"आणखी काय निरोप द्यायचा? पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले ना मी? मुलगी पसंत नसेल तर त्या घरचे पोहे कोणी दुसऱ्यांदा मागतं का? हा आमच्याकडे अजून तोंड पाडून बसलाय," असं म्हणून त्यांनी रविकांतकडे हात केला.

"देवीम्होरं बोललं गेलं," कानिफनाथ म्हणाला. "आता मधी कोन येनार?"

"कोणी नाही. मुलगी आमची झाली," काकासाहेब म्हणाले.

मला रडू आलं. वाऱ्याने पाणी आलं असं मी सांगितलं, आणि तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी होतं त्यामुळे ते खपून गेलं. आता डबा उघडावा, चकल्या वाटाव्यात, असं माझ्या मनात होतं. पण कानिफनाथचं संपलं नव्हतं.

"आन् नवस फेडनार कसा?"

माझ्या डोक्यात हिशेब तयार होता. नारळ, साडी, फार तर पितळी घंटा. मी श्वास घेतला. "ना..." एवढं म्हटलं आणि 'रळ' यायच्या आत साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा चेहरा प्रेमाने फुलून गेला होता. मी त्याच्यासाठी खोटं बोललो होतो, त्याची फेड करायची संधी त्याला मिळाली होती, आणि जगातली सगळ्यात चांगली वस्तू कोणती याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती.

"लग्न झाल्यावर," तो देवीला म्हणाला, "पंत प्रतिवर्षी हा डोंगर चढून येतील. अनवाणी. जिवंत असेपर्यंत."

कानिफनाथने घंटा वाजवली.

माघात सुनीतीचं लग्न झालं. माधवरावांनी मांडवात सगळ्यांना सांगितलं की सल्ला त्यांचा होता. मुलगी सुखात आहे. आमटीत आता मीठ असतं असं जावई सांगतात. ओलसेन पुढच्याच वर्षी आपल्या देशी गेला. जाताना मला मिठी मारून म्हणाला, "पंत, आपला मला फार हेवा वाटतो."

सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस आणि यंदा एकोणपन्नास, अशा माझ्या तीन खेपा झाल्या. साखळदंडापाशी जावई खालून ढकलतात. आता ते माफ करा म्हणत नाहीत. यंदा वर गेल्यावर देवीने मला लीनाची आठवण करून दिली. ती माझी धाकटी, लग्नाची झाली आहे. मी देवीपुढे तोंड घट्ट मिटून ठेवलं, खाली उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन विचारून आलो. स्थळ आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतचं आहे. मुलगा कसा आहे ते हिने बघितलं. मी फक्त गावाबाहेर जाऊन चारी बाजूंना बघून आलो. सगळं सपाट आहे. पोहे मीच दोनदा घेतले.